ताणावर उपाय शोधण्याआधी शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

स्टाफरूममध्ये नवा चेहरा आला की दोन-तीन महिन्यांत त्याच जुन्या चुका पुन्हा दिसायला लागतात. सांगायला जावं तर उत्तर तयार असतं : ‘मॅडम, मी रोज पाच मिनिटं ध्यान करते ना!’ करा की. पण रात्री अकरापर्यंत वह्या तपासायच्या आणि सकाळी पाच मिनिटं डोळे मिटायचे, याने काय साधणार?

सगळ्यात महागात पडणारी चूक वह्यांचीच. प्रत्येक चुकीवर लाल शाई पडलीच पाहिजे, हा हट्ट. आमच्याकडे भाषा शिकवणारी एक तरुण सहकारी होती. निबंधांचा अख्खा गठ्ठा घरी न्यायची. ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, वाक्यरचना, काही म्हणून सुटायचं नाही. शिवाय खाली चार ओळींचा शेरा. एकदा ती वह्या वाटत असताना मी मागच्या बाकावर बसले होते. मुलांनी आपले गुण पाहिले, शेजाऱ्याचे पाहिले आणि वही मिटली. शेरा वाचणारी एकच मुलगी, आणि तिच्या निबंधात फारशा चुकाच नव्हत्या! सत्र संपायच्या आत बाई आजारी रजेवर.

मी एका फेरीत एकच गोष्ट तपासते. या वेळी परिच्छेद, पुढच्या वेळी विरामचिन्हं, आणि तसं मुलांना आधीच सांगून टाकते. सगळ्यांची सारखी चूक असेल तर ती फळ्यावर घ्यायची. गठ्ठा शाळेच्या कपाटात राहतो. ‘वरिष्ठांना चालेल का?’ विचारून तर बघा. पुष्कळदा तसा नियमच नसतो, कुणीतरी कधीतरी पाडलेला पायंडा असतो.

दुसरी चूक गोंगाटावर ओरडण्याची. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच लिहून ठेवलंय. म्हणजे तुम्ही ओरडलात की मुलंही आवाज चढवणार, मग तुम्ही आणखी. वर्गाचा लिलाव होतो. मी सूचना फळ्यावर लिहिते आणि सगळ्यात जास्त गडबड करणाऱ्या बाकाशेजारी गप्प उभी राहते. पहिले काही दिवस हे चालत नाही, आणि उतावळे तिथेच सोडून देतात. घसा बसल्यावर कुजबुजत शिकवू नका, त्यानेही ताण पडतो. सारखं खाकरूही नका. तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

पालकांच्या रात्रीच्या मेसेजला लगेच उत्तर देऊ नका. एकदा दिलंत की तीच तुमची वेळ ठरते.

मोकळा तास गाऱ्हाणी ऐकण्यात घालवू नका.

आणि सगळं ‘मीच कमी पडतेय’ म्हणून स्वतःच्या माथी मारू नका. सततचा थकवा, कामाबद्दल आलेला तुटकपणा, आपल्या हातून काही होत नाही ही भावना, या तिन्हींना मिळून जागतिक आरोग्य संघटना ‘बर्नआउट’ म्हणते. तो आजार नव्हे, असं ती स्पष्ट सांगते. कामाच्या ठिकाणचा, वेळीच न हाताळलेला दीर्घ ताण हे त्याचं मूळ. म्हणून मुख्याध्यापकांकडे रडगाणं नेऊ नका, आठवड्याचं वेळापत्रक न्या. बदली तास, कार्यक्रमांची कामं, भरायचे तक्ते, सगळं त्यावर लिहा आणि यातलं कोणतं काम काढायचं, ते त्यांनाच विचारा.