हातचा विसरतोय? अभ्यासातल्या या चुका टाळा

लातूरच्या आमच्या अभ्यासिकेत हे वाक्य रोज कानावर येतं, "सर, वाचलेलं ध्यानातच राहीना गेलंय." लेकरं लगेच डोक्याला दोष देतात. मला मात्र बहुतेक वेळा अभ्यासाची रीतच चुकलेली दिसते.

४७ अधिक ३८ तोंडी करून पाहा. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक... तेवढ्यात शेजारचा म्हणाला, "साडेसात वाजले रे," की हातचा गेला! तो हातचा जिथे धरलेला होता, ती कार्यस्मृती, म्हणजे काम चालू असेपर्यंत गोष्टी डोक्यात धरून ठेवणारी स्मृती. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तिची रचना मांडली. एक कप्पा आवाजाचा, मनातल्या मनात घोकण्याचा. दुसरा चित्रांचा आणि जागांचा. दोन्हींवर लक्ष वाटून देणारा एक कारभारी. २००० मध्ये बॅडलींनी आणखी एक कप्पा जोडला, या सगळ्याची जुन्या आठवणींशी सांगड घालणारा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कानात गाणी लावून पाठांतर. गाण्याचे शब्द थेट आवाजाच्या कप्प्यात शिरतात आणि तिथेच तुमचं घोकणं चाललेलं असतं. "मी गाण्याकडे लक्षच देत नाही" हे खरं असलं तरी उपयोग नाही. क्रमाने अक्षरं लक्षात ठेवायच्या प्रयोगांत न कळणाऱ्या भाषेतली बडबडसुद्धा आड आली. पाठांतराला शांतताच हवी, याबाबत मी हट्टी आहे.

दुसरी चूक, एकाच दमात सगळं कोंबणं. एका वेळी डोक्यात किती गोष्टी धरता येतात, याचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सात, दोन कमी-जास्त, असा अंदाज दिला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. मग मराठवाड्याचे आठ जिल्हे कसे बसवायचे? नकाशावर बोट ठेवा आणि फेरी मारा: छत्रपती संभाजीनगर, बीड, धाराशिव, लातूर, वर वळून नांदेड, हिंगोली, परभणी, जालना, की परत संभाजीनगर. चार-चारचे दोन गट झाले, आणि नावं आवाजाच्या कप्प्यात, वाट चित्राच्या. ओझं वाटलं गेलं.

सूत्र वाचून लगेच मोबाइल उघडणं हीसुद्धा चूकच. १९५९ च्या पीटरसन दांपत्याच्या प्रयोगात लोकांना फक्त तीन अक्षरं देऊन तीन-तीनने उलटे आकडे मोजायला लावले, म्हणजे अक्षरं घोकायला उसंतच नाही. १८ सेकंदांत बहुतेकांची अक्षरं गेली.

आणि गेल्या महिन्यातला धडा आठवत नसेल तर कार्यस्मृतीला बोल लावू नका. ते काम दीर्घकालीन स्मृतीचं, तिला अधूनमधून उजळणी लागते.

गणिताला बसताना रफ कागद जवळ ठेवा आणि हातचा त्यावर लिहा. आमच्याकडे काही पोरांना त्याची लाज वाटते. कागदावर उतरवलेल्या हातच्याची जागा डोक्यात पुढच्या पायरीसाठी मोकळी होते.