वकिलाची फी ठरवताना आकड्याआधी काय विचारावे

वकिलाच्या कार्यालयात पहिल्यांदा गेलेला अशील बहुधा थेट विचारतो, "फी किती होईल?" प्रकरण किती लांबणार हे समोरच्या पक्षाच्या पवित्र्यावर आणि न्यायालयाच्या तारखांवर अवलंबून असल्यामुळे या प्रश्नाला ताबडतोब नेमका आकडा सांगणाऱ्या वकिलाबद्दल मला थोडी शंकाच येते. त्याऐवजी फी कोणत्या मापाने मोजली जाणार आणि त्या मापात कोणकोणती कामे येणार, हे आधी विचारावे.

मृत्युपत्र, करारनामा किंवा नोटीस यांसारख्या आटोपशीर कामाला ठोक फी दोन्ही बाजूंना सोयीची असते. अशा वेळी वाद निघतो तो काम कधी संपले यावरून. मसुदा एकदा हाती दिला की काम झाले, की नंतरच्या दुरुस्त्याही त्यातच धरल्या आहेत, हे आधीच बोलून घ्यावे. दाव्यासाठी ठोक फी ठरली असेल तर ती पहिल्या न्यायालयाच्या निकालापर्यंतच आहे का, मधल्या अर्जांचे काय, हेही विचारावे. अपिलाची फी सहसा वेगळी असते. काही वकील दर तारखेच्या हजेरीप्रमाणे फी घेतात. तेथे सुनावणी तहकूब झाली तरी फी लागणार का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा, मात्र पुकारा होईपर्यंत ताटकळण्यात वकिलाचाही दिवस गेलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

तासाच्या दराने होणाऱ्या आकारणीत खरी मेख दरात नसून वेळ मोजण्याच्या एककात असते. अनेक कार्यालये तासाचे दहा भाग करून ६ मिनिटांच्या एककाने वेळ नोंदवतात, तर काही ठिकाणी एकक १५ मिनिटांचे असते. समजा, महिनाभरात वकिलाशी आपले प्रत्येकी ४ मिनिटांचे दहा फोन झाले. प्रत्यक्ष बोलणे ४० मिनिटांचे. पण प्रत्येक फोन पुढच्या पूर्ण एककात धरला, तर पहिल्या पद्धतीने ६० मिनिटांचे आणि दुसऱ्या पद्धतीने १५० मिनिटांचे बिल येईल, म्हणजे दर तोच असूनही बिल अडीचपट. म्हणून सुचतील तसे फोन करण्यापेक्षा शंका एकत्र लिहून काढाव्यात आणि एकाच बैठकीत मांडाव्यात. प्रवासाचा वेळ पूर्ण दराने धरला जातो का आणि कनिष्ठ सहकाऱ्याने केलेल्या कामाचा दर वेगळा आहे का, हेही येथेच विचारून घ्यावे. बिलात नुसते "कागदपत्रांचे काम, ५ तास" असे असेल, तर तारीखवार तपशील मागण्यात गैर काहीच नाही.

दावा जिंकल्यास मिळालेल्या रकमेतील हिस्सा फी म्हणून घेण्याची पद्धत अमेरिकेत अपघाताच्या भरपाईच्या दाव्यांमध्ये रूढ आहे. फौजदारी बचावासाठी मात्र ती तेथेही चालत नाही. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. जेथे ही पद्धत चालते, तेथे हिस्सा खर्च वजा करण्यापूर्वी काढायचा की नंतर, हे पाहावे. मिळालेल्या रकमेचे ९० भाग मानले, त्यांपैकी १५ भाग खर्चात गेले आणि वकिलाचा हिस्सा एक तृतीयांश ठरला असेल, तर आधी हिस्सा काढल्यास अशिलाच्या हाती ४५ भाग पडतात आणि खर्च आधी वजा केल्यास ५०.

आगाऊ रक्कम देताना ती पुढच्या बिलांतून वळती होणार आहे, की केवळ वकीलपत्र स्वीकारल्याबद्दल असून परत मिळणार नाही, हे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे. कोर्ट फी, नकला, टंकलेखन, तज्ज्ञांचे मानधन हा खर्च वकिलाच्या फीपेक्षा निराळा असतो, आणि ठरावीक मर्यादेपलीकडचा खर्च विचारल्याशिवाय करू नये, अशी अट घालता येते. निकाल आपल्या बाजूने लागला की सगळा खर्च समोरच्याकडून वसूल होतो, ही समजूत फारशी खरी ठरत नाही. न्यायालयाने मंजूर केलेली रक्कम बहुधा प्रत्यक्ष खर्चापेक्षा कमीच भरते.

हे सारे ठरल्यावर एका पानावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि वकील बदलायची वेळ आली तर कागदपत्रे कशी व कधी परत मिळतील, हेही त्याच पानावर नोंदवावे. थकीत फीसाठी वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येणार नाहीत, असा निर्णय भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला आहे; फी वसूल करायची तर ती इतर कायदेशीर मार्गांनी करावी लागते. सर्वच देशांत नियम असा नाही, काही ठिकाणी फी चुकती होईपर्यंत कागदपत्रे ताब्यात ठेवण्याचा हक्क वकिलाला असतो. म्हणून मूळ दस्तऐवज सुपूर्द करताना त्यांची यादी करून पोच घ्यावी आणि प्रत्येकाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.