गुंड्याची अंघोळ

आमचा गुंड्या म्हणजे ३४ किलोचा लॅब्रॅडॉर. रस्त्यावरचं एक डबकं सोडणार नाही, पण घरात बादली भरल्याचा आवाज आला की पलंगाखाली. म्हणून आधी त्याला मोरीत घेऊन दार लावायचं आणि मगच नळ सोडायचा.

त्याआधी कोरड्या अंगावर ब्रश फिरवून घ्या. सुटलेले आतले केस ओले झाले की गच्च बसतात, मग शांपू कातडीपर्यंत जातच नाही. विंचरता विंचरता कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड आहे का बघायचं. मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध लावलं असेल, तर आधी-नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको.

फरशीवर गोणपाट पसरा. हे अजिबात टाळू नका. पाय सरकला की एवढं मोठं जनावर घाबरतं आणि आपल्यालाही घेऊन पडतं. माझ्या कोपराला विचारा.

पाणी कोमट, बाळाच्या अंघोळीपेक्षाही जरा गारच. कानात कापसाचे बोळे. मगाने नुसतं वरून ओतलं, तर लॅबच्या तेलकट केसांवरून ते अळवाच्या पानावरून जावं तसं घरंगळतं. एका हातात मग धरायचा, दुसऱ्या हाताची बोटं केसांत उलटी घालायची. बोटांना कातडी ओली लागली की शांपू, तोही कुत्र्यांचाच, मगभर पाण्यात कालवून. आपल्या शांपूने त्यांची कातडी कोरडी पडते, खाज सुटते. मान, पाठ, पोट, शेपटीचं बूड असं खाली यायचं. तोंड सगळ्यात शेवटी, ओल्या फडक्याने पुसून. डोक्यावर पाणी पडलं रे पडलं की आधी कान फडफडतात, मग पाठीवरून लाट जाते, आणि भिंती, आरसा, आपण सगळे न्हाऊन निघतो. तेवढ्यात नाकाडावर हलका हात ठेवलात, तर वाचाल.

खरी मेहनत पुढे. फेस काढायला आमच्याकडे तीन बादल्या लागतात. काखा, जांघा आणि पंजे इथे साबण हटकून राहतो. हात फिरवल्यावर केस बुळबुळीत लागले नाहीत, की झालं.

कानातले बोळे काढा. जुने पंचे दोन तरी हवेत. घासू नका, दाबून टिपा. पावसाळ्यात आतली ओल दिवसभर राहते आणि कातडी चिघळते, म्हणून मी ऊन बघूनच अंघोळीचा घाट घालते. पुरता सुकेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. मागच्या खेपेला सोडला, तर स्वारी थेट जास्वंदीच्या आळ्यात.