स्क्रिप्टने फाइल बदलली, परवानग्याही बदलल्या

महापेच्या एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात एक शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञांची फाइल) रोज रात्री वेबसाइटच्या फाइलींमधले दर बदलते. मजकूर अगदी बरोबर बदलायचा, पण सकाळी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'! 'एलएस -एल' करून परवानग्या पाहिल्या, तर ६४४ ची (सगळ्यांना वाचता येणारी) फाइल ६०० झालेली. म्हणजे मालक सोडून कुणालाच वाचता येईना, वेब सर्व्हरलाही नाही.

कारण स्क्रिप्टच्या पद्धतीत होतं. 'एमकेटेम्प'ने तात्पुरती फाइल बनवायची, तीत नवा मजकूर लिहायचा आणि 'एमव्ही'ने ती जुनीच्या जागी ठेवायची. 'एमकेटेम्प' सुरक्षेसाठी फाइल ६०० नेच बनवतं. 'एमव्ही' जुन्या फाइलीत काही भरत नाही, नवीच फाइल त्या नावाने बसवतं. नाव तेच, आयनोड (डिस्कवरची फाइलीची मूळ नोंद) वेगळा, आणि परवानग्या तात्पुरत्या फाइलीच्या.

'कॅट'ने मजकूर थेट जुन्या फाइलीत ओतला तर मालक, परवानग्या सगळं टिकतं. मला ते पटलं नाही. मध्येच स्क्रिप्ट बंद पडली तर अर्धवट फाइल लोकांसमोर जाते. एकाच फाइलसिस्टिमवर (डिस्कच्या एकाच विभागात) 'एमव्ही' अदलाबदल एका झटक्यात करतं, हा फायदा का सोडायचा?

म्हणून 'एमव्ही'च्या आधी दोन ओळी घातल्या: मालकासाठी 'सीएचओन --रेफरन्स' आणि परवानग्यांसाठी 'सीएचमॉड --रेफरन्स', दोन्हींना नमुना म्हणून जुनी फाइल. क्रम हाच ठेवा, कारण मालक बदलताना सेटयूआयडी बिट (प्रोग्राम त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) पुसला जाऊ शकतो. मालक बदलायला रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, लागतो. आमची स्क्रिप्ट रूटच्या क्रॉनमधूनच (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) चालते. हे पर्याय जीएनयू लिनक्सवरचे आहेत, मॅकवर चालणार नाहीत.