‘पाचिंको’ वाचनगटात घ्यायची असेल तर

मिन जिन ली यांची ‘पाचिंको’ (२०१७) जवळजवळ पाचशे पानांची आहे आणि कोरियातून जपानला गेलेल्या एका कुटुंबाच्या चार पिढ्या तीत येतात. एका बैठकीत उरकायला गेलात तर दीड तास ‘हान्सू (नायिका सुंजाचा पहिला प्रियकर) चांगला की वाईट’ यातच जातो. कादंबरीचे भाग तीन (१९१०–३३, १९३९–६२, १९६२–८९), तेव्हा बैठकाही तीन घ्या, मध्ये तीन-तीन आठवडे सोडून. माणसं आठ-दहा पुरे.

पहिल्या बैठकीआधी प्रत्येकाच्या हातात एक कागद द्या. त्यावर वंशावळ (कोण कधी मरतं ते लिहू नका, रस जातो), बुसान आणि ओसाका दाखवणारा नकाशा आणि तीन सालं: १९१० साली जपानने कोरिया गिळला, १९४० मध्ये कोरियन लोकांवर जपानी धाटणीची नावं लादली जाऊ लागली, १९५२ मध्ये जपानमधल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व गेलं. हे शेवटचं साल सोडू नकाच. जपानमध्ये जन्मलेल्या सॉलोमनला, म्हणजे सुंजाच्या नातवाला, चौदाव्या वाढदिवशी बोटांचे ठसे द्यायला का जावं लागतं, ते त्याशिवाय उलगडत नाही.

वाचक अडखळतात ते नावांपाशी. सुंजाचा मुलगा नोआ शाळेत नोबुओ बोकू या जपानी नावाने असतो. वंशावळीत प्रत्येकापुढे जागा मोकळी सोडा. नवं नाव आलं की वाचकाने ते कोण, कुठे वापरतं हे टिपायचं. दुसऱ्या बैठकीला हाच कागद चर्चेला पुरतो.

‘आवडली का?’ असं विचारू नका, उत्तर दोन शब्दांत संपतं. त्याऐवजी प्रसंग धरा. पहिल्या बैठकीला सुंजाच्या लग्नाच्या जेवणासाठी तिची आई पांढरा तांदूळ मागायला जाते तो. कोरियात पिकणारा तांदूळ जपानला जात होता, हे आधी सांगा. त्याच बैठकीला सुंजा घड्याळ विकून कर्ज फेडते ती पानं मोठ्याने वाचा आणि विचारा: डोक्यावरचं कर्ज फिटलं, तरी तिचा दीर योसेब का चिडतो? तिसऱ्या बैठकीला पाचिंकोच्या (जपानमधला यंत्रावरचा जुगारासारखा खेळ) यंत्रातले खिळे किंचित वाकवण्याचं काम घ्या. गिऱ्हाईक जिंकतं की हरतं ते त्या खिळ्यांवर ठरतं, तरी ते रोज येतं.

या कादंबरीवरची २०२२ची मालिका पाहिलेल्यांना आधीच बजावा. तिच्यात काळ पुढे-मागे होतो, पुस्तकात सरळ जातो. मालिकेच्या भरवशावर आलेला माणूस पहिल्याच दिवशी सॉलोमनबद्दल बोलू लागतो आणि बाकीच्यांची अजून सुंजाशीच ओळख होत असते.