काचेवरच्या बोटाचा दाब सुरात कसा उतरवावा

मोबाइलच्या टचस्क्रीनवर वाजवायचे वाद्य तयार करायला घेतले, की पहिली अडचण ही येते की बहुतेक फोनच्या काचेला दाब कळतच नाही. २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये दाब मोजण्याची सोय होती, पण २०१९ च्या आयफोन ११ मध्ये ती राहिली नाही. अँड्रॉइडवर दाबाचा आकडा मागता येतो खरा, मात्र स्पर्श हलका असो वा जोराचा, पुष्कळ फोन एकच आकडा देत राहतात.

म्हणून दाबाऐवजी बोटाने व्यापलेली जागा मोजावी. बोट दाबले की त्याचे पेर काचेवर पसरते आणि स्पर्शाची त्रिज्या वाढते. लहान मुलाची करंगळी आणि मोठ्या माणसाचा अंगठा यांना एकच मोजपट्टी चालणार नाही, हे उघड आहे. त्यासाठी सुरुवातीलाच वाजवणाऱ्याकडून पाच हलके आणि पाच जोराचे स्पर्श घ्यावेत, प्रत्येक पाचांतला मधला आकडा निवडावा आणि त्या दोन आकड्यांमधले अंतर ० ते १ असे धरावे.

खरी कसोटी मात्र बोट दाबताना लागते. उभे टेकलेले बोट दाबता दाबता आडवे होते, त्यामुळे स्पर्शाचा मध्य तळहाताच्या दिशेने सरकतो, आणि त्याच दिशेने सुरांची पट्टी आखलेली असेल तर केवळ आवाज वाढवू पाहणाऱ्याचा सूर हलतो. यावर उपाय असा, की पहिल्या स्पर्शबिंदूभोवती काही मिलिमीटरचे वर्तुळ मानावे आणि बोट त्याबाहेर जाईपर्यंत सूर स्थिर ठेवावा. वर्तुळ ओलांडताच सूर एकदम उडी मारू नये, म्हणून मींडेचे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचे, मोजमाप वर्तुळाच्या कडेपासून सुरू करावे.

मिळालेले आकडे थरथरते असतात. नवे मूल्य काढताना, जुने मूल्य आणि आता मोजलेला आकडा यांच्यातल्या फरकाचा काही हिस्सा जुन्या मूल्यात मिळवावा. दाब वाढताना निम्मा आणि उतरताना एक दशांश, ही सुरुवात मला योग्य वाटते, कारण वाढत्या दाबाला वाद्याने लगेच साथ द्यावी आणि बोट उचलताना स्वर तुटू नये, अशी वाजवणाऱ्याची अपेक्षा असते. हा दाब केवळ आवाजाच्या पातळीला जोडू नये. फिल्टर (आवाजातले उंच, तीक्ष्ण भाग अडवणारी सोय) उघडून सुराचा रंगही उजळत नेला, तर फोनच्या छोट्या स्पीकरवरसुद्धा जोर जाणवतो.

स्वराची सुरुवात दाबावर अवलंबून ठेवू नये, कारण बोट टेकते त्या क्षणी त्रिज्या अजून लहानच असते. स्वर ताबडतोब मध्यम जोराने सुरू करावा आणि पुढच्या दोन-तीन मोजण्यांवरून तो सावरून घ्यावा. सेकंदाला ६० वेळा स्पर्श वाचणारा पडदा एकटाच जवळपास १७ मिलिसेकंदांपर्यंत उशीर करू शकतो, त्यामुळे ध्वनीचा बफर, म्हणजे वाजण्याआधी साठवला जाणारा आवाजाचा तुकडा, शक्य तितका लहान असावा. आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने (क्षणोक्षणीचे आकडे) असतील, तर १२८ नमुन्यांचा बफर तीन मिलिसेकंदांहूनही कमी वेळ घेतो.

बाहेरचा सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक वाद्य) वाजवायचा असेल, तर मिडी या वाद्यांमधल्या संदेशांच्या भाषेची २०१८ मध्ये मान्य झालेली एमपीई पद्धत वापरावी. तिच्यात प्रत्येक बोटाला मिडीचा स्वतंत्र चॅनल मिळतो, त्यामुळे एका बोटाच्या दाबाने शेजारचा स्वर बदलत नाही.

शेवटी डोळे मिटून एकच स्वर अगदी हलका सुरू करावा, सावकाश वाढवावा आणि तितक्याच सावकाश विरू द्यावा. वाढताना पायऱ्या ऐकू आल्या, तर स्पर्शाच्या लागोपाठच्या दोन मोजण्यांमधली मूल्ये प्रत्येक ध्वनिनमुन्यासाठी भरून काढावीत.