परकं शेवाळ उपटायला निघालात? आधी या चुका टाळा

जलपर्णी काढायची रीत आपल्याला पाठ आहे. जेसीबी आणायचा, ओढायची, काठावर ढीग लावायचा. पुढच्या वर्षी ती परत येते, हेही पाठ आहे. हाच खाक्या समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या परक्या शेवाळाला लावला, की एका वाफ्याचे दहा होतात.

दिसलं की उपटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

१९८४ साली मोनाकोच्या सागरी संग्रहालयाच्या कड्याखाली कौलर्पा टॅक्सिफोलिया या हिरव्यागार शेवाळाचा जेमतेम एक चौरस मीटरचा तुकडा आढळला. हा अ‍ॅक्वेरियमच्या शोभेसाठी पाळलेला, थंडी सोसणारा वाण होता. अलेक्झांड्र मेनेझ या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये पाहिलं तेव्हा तो हेक्टरभर पसरला होता. गंमत अशी, की भूमध्य समुद्रातल्या या वाणाच्या फक्त नर बीजपेशी सापडल्या आहेत. म्हणजे फलन नाही. झाला तो सगळा पसारा तुकड्यांनी.

याचं कारण त्याच्या घडणीत आहे. खोड, पानं, मुळं असं जे काही दिसतं, ते सगळं मिळून एकच अवाढव्य पेशी. तोडलं तर जखमेवर काही मिनिटांत गुठळी धरते आणि छोटासा तुकडाही नव्याने रुजतो. त्यामुळे बोटीचा नांगर, मासेमारीची जाळी आणि उत्साही पाणबुड्यांचे हात, ही त्याची पेरणीची अवजारं. ओलसर नांगरपेटीत ते काही दिवस सहज तग धरतं, तोवर बोट दुसऱ्या खाडीत पोचलेली असते.

मग करायचं काय? जून २०००मध्ये कॅलिफोर्नियाच्या आग्वा हेडिओंडा खाजणात हेच शेवाळ सापडलं. तिथे कोणी ओढाताण केली नाही. प्रत्येक वाफ्यावर ताडपत्री अंथरली, कडा वाळूच्या पिशव्यांनी दाबल्या आणि आत क्लोरीन सोडला. ताडपत्रीखालचं बाकीचं सगळंही मेलं, खर्च सत्तर लाख डॉलरच्या घरात गेला. पण २००६ मध्ये शेवाळ संपल्याचं जाहीर झालं. हे जमलं ते वाफे लहान असताना हालचाल झाली म्हणून. हेक्टरभर पसरल्यावर ताडपत्री कुठवर पुरणार?

हाताने काढून फसला असाल, तर हवाईच्या कानेओहे उपसागराचा मार्ग पाहा. तिथे काप्पाफायकस हे लागवडीसाठी आणलेलं शेवाळ प्रवाळांवर चढलं. हाताने काढलं, तर उरलेल्या बारीक तुकड्यांतून पुन्हा फुटायचं. शेवटी तराफ्यावर शोषण पंप बसवून पाणबुडे पाण्याखालीच शेवाळ नळीत भरू लागले आणि साफ झालेल्या जागी हॅचरीत वाढवलेले स्थानिक समुद्री अर्चिन, म्हणजे शेवाळ चरणारे काटेरी गोल जीव, सोडले. पंपातून सुटलेलं ते चरून टाकतात. नुसता पंप किंवा नुसते अर्चिन एवढ्यावर थांबू नये.

हिरवं ते सगळं एकच समजणं

तळाचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही ती हिरवळ बघून बरंच वाटलं होतं. भूमध्य समुद्रातलं पॉसिडोनिया हे शेवाळ नव्हे. ते समुद्रगवत, म्हणजे मुळं, फुलं, फळं असलेली सपुष्प वनस्पती आहे. तिचं आडवं खोड वर्षाला काही सेंटिमीटर सरकतं. तिच्या कुरणात मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात. कौलर्पा त्याच जागी दाट गालिचा घालतं, उजेड अडवतं, गाळ धरून ठेवतं आणि गाळात सल्फाइड वाढलं की गवताची मुळं गुदमरतात. शिवाय त्यात कौलर्पेनाइन नावाचं विषारी रसायन असतं, त्यामुळे बरेच चरणारे जीव त्याला तोंड लावत नाहीत. पाहणीत ‘हिरवं आच्छादन’ असा एकच रकाना ठेवलात, तर आकडा वाढत जाईल आणि कुरण मरत जाईल. रकाने जातीनुसार वेगळे ठेवा, गवताच्या कोंबांची घनताही मोजा.

आणि मोजणी फक्त हिवाळ्यात करू नका. कौलर्पा टॅक्सिफोलियाची जातभाई कौलर्पा सिलिंड्रासिया थंडीत पार विरळ होते. ‘गेलं एकदाचं’ म्हणून फाइल बंद केली, की उन्हाळ्यात ते हजर.

सगळा दोष शेवाळावर ढकलणं

दाट, निरोगी कुरणात कौलर्पाला शिरायला जड जातं. कडेने आणि आधीच विरळ झालेल्या जागी ते सहज घुसतं. नांगरांनी खरवडलेला, सांडपाण्याने गढूळ झालेला तळ तसाच ठेवून नुसतं शेवाळ काढणं म्हणजे उघड्या दारासमोर झाडू मारणं.

आपल्याकडे घाबरून जाणं, किंवा अजिबात न घाबरणं

मालवण, रत्नागिरीच्या खडकांवर कौलर्पाच्या काही जाती मूळच्याच आहेत. ओहोटीला त्या दिसल्या म्हणून खरवडू नका. जात ओळखल्याशिवाय ‘घुसखोर’ म्हणू नये.

उलट काप्पाफायकसच्या शेतीबद्दल मात्र सावध राहायला हवं. ही शेती कॅरागीनन या घट्ट करणाऱ्या पदार्थासाठी होते, तिच्यावर किनाऱ्यावरच्या बायकांचं घर चालतं, तेव्हा तिला सरसकट वाईट म्हणणं मला पटत नाही. पण तमिळनाडूत मन्नारच्या आखातातल्या कुरुसडै बेटाजवळ ते प्रवाळांवर चढल्याची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आहे. कोकणात या शेवाळाच्या लागवडीच्या दोऱ्या टाकायच्या, तर प्रवाळ आणि समुद्रगवतापासून लांब टाकाव्यात, आणि वादळानंतर तुटलेले तुकडे गोळा करून किनाऱ्यावर सुकवावेत, पाण्यात सोडू नयेत.

घरी खाऱ्या पाण्याची टाकी असेल, तर छाटलेलं शेवाळ बेसिनमध्ये किंवा गटारात टाकू नका. पिशवीत बांधून चोवीस तास फ्रीजरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात. टाकी धुतलेलं पाणीही खाडीत नको. डायव्हिंगचा सूट, जाळी, नांगराचा दोर गोड्या पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा. दोराच्या पिळांत अडकलेलं शेवाळ आधी बोटाने उकलून काढा, तिथेच ते सगळ्यात जास्त लपतं.